पायरीची कृपा

मिस्त्रीच्या घरात पावाचं पीठ बाईमाणूस मळत नसे. एकतीस वर्षं ते मिस्त्रीच मळत आला होता आणि सगळ्या गल्लीत त्याचा बोलबाला होता. अपघातात चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा. पंजे फावड्यासारखे, आवाज पिंप आपटल्यासारखा. असा माणूस वर्षातून एकदा, मोठ्या सुट्टीच्या दिवशी, ॲप्रन बांधून स्वयंपाकघरात उभा राहतो आणि बटाट्याच्या पावाचं पीठ मळतो, याचं शेजारणींना फार कौतुक. “बघा, शिका काहीतरी,” असं त्या आपापल्या नवऱ्यांना सुनवत.

या कौतुकामागे एक गोष्ट होती. दर वर्षी पाव कापण्याआधी ती जेवणाच्या टेबलावर सांगायची पद्धतच पडली होती. मुलगा चार वर्षांचा आणि मुलगी पाळण्यात असताना मिस्त्रीची बायको मागच्या दारच्या पायरीवरून घसरली, उजवं मनगट मोडलं. सुट्टीच्या जेवणाला आठच दिवस उरलेले. बायको म्हणाली, यंदा पाव नाही. मिस्त्री म्हणाला, पाव होणार, पीठ मी मळणार. मनगट वाकडं जुळलं, तिला पुन्हा कधी जोर लावता आला नाही, म्हणून दर वर्षी मिस्त्रीच मळत गेला. गोष्ट संपली की बायको सुरी हातात घ्यायची, डाव्या हातात, आणि म्हणायची, “पायरीची कृपा!”

सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचा. पण त्या दोन शब्दांनी त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

कारण गोष्टीत एकच खोट होती. मागच्या दाराला पायरी होती. मनगट मोडलं होतं. फक्त ती घसरली नव्हती.

हातोडीवरून झालं होतं ते. मिस्त्रीची पत्र्याची बारीक हातोडी तिनं शेजाऱ्याला खिळा ठोकायला दिली आणि ती हातोडी टवका उडून परत आली. एवढंच. मिस्त्रीनं विचारलं, तिनं उत्तर दिलं, त्याला ते उलट उत्तर वाटलं. ती मागच्या दारानं बाहेर पडत होती. त्यानं तिचं मनगट धरलं आणि दाराच्या चौकटीवर टेकवून खाली दाबलं. पत्रा वाकवताना दाबतो तसंच, अंगठा खाली, पंजा वर. पत्रा वाकतो. हाड वाकत नाही. तो आवाज मिस्त्रीच्या कानात एकतीस वर्षं घर करून राहिला होता.

हे शेवटचं होतं, पण पहिलं नव्हतं. आधीच्या वर्षांत ताटं फुटली होती, केस धरून झाले होते, एकदा तिचा दात हलला होता. मिस्त्री स्वतःशी कधी मोजायला बसला नाही. मोजलं असतं तर झोप लागली नसती.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, “कसं लागलं?” बायको म्हणाली, “पायरीवरून पडले.” नर्सनं लिहून घेतलं. घरी आल्यावर प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून म्हणाली, “आठ दिवसांनी लोक जेवायला येणार. पाव मी दर वर्षी करते, यंदाही होईल. हात तुम्ही मोडलात, पीठ तुम्ही मळायचं. यंदापुरतं नाही, मी मरेपर्यंत. आणि हात शिवशिवले तर पिठाला मारा.”

त्यानं पिठाला मारलं. बटाट्याचं पीठ चिकट असतं, हाताला सोडत नाही. ते उचलून टेबलावर आपटायचं, घडी घालायची, पुन्हा उचलून आपटायचं. दोनशे वेळा. ती समोर उभी राहून बघायची, मध्ये टेबल ठेवून. एकतीस वर्षांत ती एकदाही त्याच्या बाजूला आली नाही. त्यानं पुन्हा तिच्यावर हात टाकला नाही, तरी ती टेबल मध्ये ठेवायचीच. पुढे पुढे मिस्त्रीला वाटायला लागलं की आपण खरंच तो गोष्टीतला माणूस आहोत. खोटं एकतीस वर्षं मळलं की तेही फुगतं.

सात महिन्यांपूर्वी ती गेली. काही मोठं दुखणं नाही. संध्याकाळी भांडी पुसता पुसता खुर्चीत बसली ती बसलीच. मिस्त्रीनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं तेव्हा वाकडं मनगट त्याच्या तळहातात आलं. किती हलकं होतं ते. तेव्हापासून घरात ताटं धुवायला एक, वाळायला एक. खायचं म्हणून खायचं.

मोठी सुट्टी आली तशी त्यानं दोन्ही मुलांना फोन केले. “पाव होणार,” एवढंच म्हणाला.

* * *

सकाळी सातला त्यानं दीड किलो बटाटे सालासकट उकडायला टाकले. उकडलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, कोमट झालं की त्यातच यीस्ट भिजवायचं, ही तिची शिकवण. कुस्करायचं काम तिचं असायचं. डाव्या हातानं, काट्यानं, एक गुठळी राहू द्यायची नाही. मिस्त्रीनं कुस्करले तर वाडग्यात खडी पडल्यासारखं झालं.

“हे काय, रस्ता करायचाय का?” दारातूनच मुलगी ओरडली. तिला सगळे चिमणी म्हणत. अंगापिंडानं ती दारात मावत नसे. शाळेची बस चालवायची आणि पन्नास पोरांना एका आवाजात खाली बसवायची. तिनं बापाच्या हातातून काटा हिसकला आणि कुस्करायला बसली. “आई असती तर तुम्हाला घराबाहेर काढलं असतं.”

“काढायला हवं होतं,” मिस्त्री म्हणाला.

चिमणी हसली. तिला ते विनोदासारखं वाटलं.

दहाच्या सुमाराला मुलगा आणि सून आली. मुलगा आता बापाचंच गॅरेज चालवायचा. बापासारखेच पंजे, बापासारखाच आवाज. त्याच्यामागून सून आत आली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. बारीक काम, बारीक बोटं. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

“अगं वहिनी! हे काय?”

“पडले.” सून म्हणाली. “पायरीवरून.”

चिमणीच्या हातातला काटा थांबला आणि मग ती खो खो हसत सुटली. “नाही! काहीतरीच! आईसारखंच? या घरातल्या बायकांना पायऱ्याच धार्जिण्या नाहीत. दादा, तुझं ठरलं मग. सरसाव बाह्या. आता मरेपर्यंत पीठ तुझ्याकडे!”

“सरसावतो की,” मुलगा म्हणाला. “आमची परंपराच आहे.” आणि त्यानं बापाकडे बघून डोळा मिचकावला.

मिस्त्रीच्या हातातलं मैद्याचं भांडं तिथंच राहिलं. मुलगा आणि सून गॅरेजच्या मागच्या खोल्यांत राहत. ती जमीन मिस्त्रीनं स्वतः केली होती, गाड्या आतबाहेर करायला सोपं पडावं म्हणून रस्त्यापासून मोरीपर्यंत सपाट. त्या घराला पायरी नव्हती. पुढं नव्हती, मागं नव्हती, कुठंच नव्हती.

मुलगा हात धुऊन बापाशेजारी उभा राहिला. मैदा, बटाटे, मीठ, लोणी, यीस्टचं पाणी एकत्र झालं. बापानं अर्धा गोळा घेतला, अर्धा मुलानं. आणि दोघं आपटायला लागले. फाट. फाट. कपाटातल्या कपबशा किणकिणायला लागल्या.

“जोर आहे की नाही?” मुलगा म्हणाला.

“जोर आहे,” मिस्त्री म्हणाला. “नजर नाही. पीठ फाटतंय बघ.”

“फाटलं तर फाटलं. पुन्हा जुळतं की ते. जुळतं ना?”

मिस्त्रीनं मान वर केली. सून टेबलाच्या पलीकडे उभी होती. पाठ भिंतीला, मध्ये टेबल. मुलानं गोळा आपटला की तिचे डोळे मिटायचे, दर वेळी, आवाजाच्या अंमळ आधी. मिस्त्रीनं स्वतःचा गोळा उचलला आणि आपटला. तेव्हाही मिटले.

पुढचं पीठ त्यानं आपटलं नाही, नुसतं दाबत राहिला.

* * *

पीठ फुगायला ठेवलं. लोणी कमी पडेल म्हणून चिमणी चालत दुकानात गेली. मुलगा बाहेर तिच्या गाडीचा दिवा बघत होता. मिस्त्री सुनेला म्हणाला, “तुमच्या घराला पायरी नाही.”

सुनेनं प्लास्टरचा हात छातीशी ओढून घेतला.

“मी जमीन केली ती. मला माहीत आहे.”

“मग मी काय सांगू?” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्हीच सांगा बाबा, काय सांगायचं असतं? तुमच्या घरात सांगायची एकच गोष्ट आहे, तीच मी सांगितली.”

गोष्ट खोटी आहे हे हिला ठाऊक होतं, मिस्त्रीच्या लक्षात आलं. “कुणी सांगितलं तुला?”

“आईंनी. गेल्या वर्षी माझ्या गळ्यावर बोटं उमटलेली दिसली त्यांना. म्हणाल्या, माझी चूक करू नकोस, पायरी म्हणू नकोस. एकदा म्हटलंस की जन्मभर त्या पायरीवर उभं राहावं लागतं.” ती प्लास्टरच्या कडेवरचा धागा उपटत होती. “आणि चार दिवसांपूर्वी दवाखान्यात हे माझ्या बाजूला उभे होते, तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं.”

“मी बोलतो त्याच्याशी.”

“नको!” ती एवढ्या झटकन म्हणाली की मिस्त्रीच मागे सरला. “तुम्ही बोलाल, ते ऐकून घेतील. मान खाली घालतील. मग घरी गेल्यावर माझं काय? आणि खरं सांगू, रागावू नका. तुम्ही कुठल्या तोंडानं बोलणार?”

तोंडावर मारलं असतं तर बरं, असं ते लागलं. मिस्त्री म्हणाला, “तू आज घरी जायचं नाही. इथं राहा, चिमणीकडे राहा, तुझ्या माहेरी जा. पण तिकडे नाही.”

“कुणाच्या शब्दावर?” सुनेनं विचारलं.

पीठ दुप्पट झालं होतं. भांड्यावरचं फडकं घुमटासारखं वर आलं होतं. मिस्त्रीनं फडकं काढलं, मूठ वळली आणि हवा काढायला फुगलेल्या पिठात बुक्की मारली. पीठ उसासा टाकून खाली बसलं. त्याला स्वतःची मूठ आवडली नाही. पण मूठ तीच होती, दुसरी आणणार कुठून?

त्यानं दोन गोल पाव वळले. पुन्हा फुगू दिले. ओव्हनमध्ये चाळीस मिनिटं. बाहेर काढले तेव्हा दोन्ही तांबूस, जड, वाफाळलेले. उलटे करून त्यानं बुडावर बोट वाजवलं. पत्र्याच्या कामात आवाजावरून कळतं, आत पोकळ आहे की भरीव. पावाचं उलटं, पोकळ वाजला की झाला. ठक ठक. झाला होता.

* * *

दुपारी दीडला चौघं टेबलाशी बसली. पाचवी खुर्ची कुणी हलवली नव्हती. भाजलेली कोंबडी होती, भाज्या होत्या, गरमागरम सूप होतं आणि मध्ये पाव. मुलगा दोन ग्लास झोकून आला होता. गाल लाल, मूड छान.

सुनेला डाव्या हातानं सूप जमेना. चमचा कलंडला, मुलाच्या शर्टावर शिंतोडे उडाले. तो हसतच होता. हसता हसता त्यानं टेबलाखाली हात घातला. सुनेचा चेहरा एकदम कागदासारखा पांढरा झाला. प्लास्टरच्या वर, कोपरापाशी, त्यानं चिमटीत धरलं होतं. ती हूं की चूं करत नव्हती. समोर बसलेल्या चिमणीला काही दिसलं नाही. मिस्त्री टेबलाच्या टोकाला होता. त्याला सगळं दिसलं.

“चला, गोष्ट!” चिमणीनं सुरी उचलून बापापुढे धरली. “यंदा आई नाही, तर बाबा, तुम्हीच सांगा. गोष्टीशिवाय पाव कापायचा नाही.”

मिस्त्रीनं सुरी घेतली नाही. तो आपल्या मुलीकडे बघत राहिला. बत्तीस वर्षांची बाई, पण ही गोष्ट ऐकताना तिचा चेहरा अजून लहान व्हायचा. तिच्या लग्नाचं दोनदा जमलं आणि दोनदा तिनंच मोडलं. म्हणायची, बाबा आईसाठी पीठ मळतात तसा कुणी दिसला तर बघू. या जगात मिस्त्रीला थोर समजणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते समोर बसलं होतं.

“सांगतो,” तो म्हणाला. “तुझी आई पायरीवरून पडली नव्हती. तिचं मनगट मी मोडलं.”

“काय बाबा!” चिमणी हसली.

“दाराच्या चौकटीवर ठेवून मोडलं. हातोडीवरून. त्याआधीही मारायचो. पीठ मी प्रेमानं मळत नव्हतो, तिनं मला शिक्षा दिली होती.” त्याचा आवाज कोरडा होता, गिऱ्हाइकाला गाडीचं नुकसान सांगावं तसा. “आणि दादाच्या घराला पायरी नाही. चमच्याचे शिंतोडे उडाले म्हणून आत्ता तो टेबलाखाली तिचा हात पिळतोय. बघ वाकून.”

चिमणी वाकली नाही. गरज नव्हती. सुनेचे डोळे भरून गळत होते.

मुलानं हात वर काढला आणि शांतपणे नॅपकिनला पुसला. “झालं सांगून?” तो म्हणाला. “मला काय नवीन सांगता? मी तिथं होतो. मोरीच्या दारात, हातात लाकडी गाडी घेऊन. चार वर्षांचा होतो, आंधळा नव्हतो. आवाजसुद्धा आठवतो मला.”

हे मिस्त्रीला माहीत नव्हतं.

“आणि मग काय झालं? काही नाही झालं! आई राहिली. घर चाललं. गल्ली तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचली. दर वर्षी पाव कापला आणि टाळ्या वाजवल्या. आता म्हातारपणी तुम्हाला साधू व्हायचंय होय? माझ्या जिवावर?” तो उठला. “चल गं. ऊठ.”

सून उठली नाही.

“ऊठ म्हटलं ना!” त्यानं तिला प्लास्टरच्या हाताला धरून ओढलं. खुर्ची उलटली, सूप सांडलं, ती किंचाळली. आणि मिस्त्री टेबल ओलांडून गेला. कसा गेला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. पण एकतीस वर्षांचं पीठ त्या दंडात होतं. त्यानं मुलाला कपाटावर आदळलं. कपबशा खाली आल्या. मुलानं बुक्का हाणला, मिस्त्रीच्या कानाखाली दिवे लागले, ओठ फाटला. तरी त्यानं पकड सोडली नाही. मुलाचं उजवं मनगट त्याच्या पंजात आलं, त्यानं ते ओट्याच्या कडेवर टेकवलं. अंगठा खाली, पंजा वर.

अंगठ्याखाली दोन हाडं लागली. किती दाबायचं, कुठं दाबायचं, हाताला सगळं पाठ होतं. मुलगा गुडघ्यांवर आला. “बाबा! बाबा, दुखतंय!”

“तिला पण दुखलं,” मिस्त्री म्हणाला. आणखी थोडं, बस.

तेव्हा त्याला सून दिसली. ती भिंतीला टेकली होती. सुटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता. ती मुलाकडे बघतच नव्हती. ती मिस्त्रीच्या हाताकडे बघत होती आणि तिचे डोळे मिटले, आवाजाच्या अंमळ आधी.

मिस्त्रीनं हात सोडला.

मुलगा उठला. शेगडीवर बिडाचा तवा होता. त्यानं तो दांड्याला धरून उचलला आणि बापाच्या डोक्यावर उगारला. मिस्त्रीनं उजवा हात आडवा केला. कडाक्कन आवाज आला, तोच, एकतीस वर्षांपूर्वीचा आवाज, पण आता तो बाहेरून नाही, आतून आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा बसला नाही. चिमणीनं पाचवी खुर्ची उचलून भावाच्या पाठीत घातली होती. तो काचांवर पालथा पडला. उठला तेव्हा दोन्ही तळव्यांतून रक्त ठिबकत होतं.

“हो बाहेर,” चिमणी म्हणाली. ओरडली नाही. पन्नास पोरांना खाली बसवणारा आवाज तिनं काढलाच नाही.

“माझी बायको घेऊन जाईन.”

“वहिनी, जायचंय?”

सून भिंतीपासून हलली नाही. “नाही,” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “नाही!”

चिमणीच्या हातात खुर्चीचा तुटलेला पाय होता. मुलानं तो पाहिला, बहिणीला पाहिलं आणि थुंकून बाहेर गेला. जाताना त्यानं दारावर एवढी लाथ मारली की वरची बिजागरी निखळली. मग गाडीचा आवाज, मग काही नाही. टेबलावर सूप ओघळत होतं आणि पाव आपल्या जागी तसाच, न कापलेला, वाफ गेलेला.

* * *

बस चालवणारी बाई गाडी चालवताना बोलत नाही म्हणे. चिमणी तर बापाकडे बघतही नव्हती. सून मागे बसली होती. मिस्त्रीचा हात मांडीवर होता, कोपर आणि मनगट यांच्या मधेच वाकलेला. वेदना येत होती आणि जात होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा चिमणी समोर बघत म्हणाली, “आई मला का नाही बोलली?”

“तू एवढ्या मायेनं मला बाबा म्हणायचीस म्हणून असेल,” मिस्त्री म्हणाला.

“पुढच्या वर्षी मी येईन की नाही, मला माहीत नाही.”

“बरं.”

“बरं काय, बरं!” तिनं स्टीअरिंगवर मूठ आपटली. मग आपल्याच मुठीकडे बघितलं आणि बोटं उघडली. सिग्नल सुटला.

दवाखाना तोच होता, भिंती नव्या रंगाच्या. सुट्टीचा दिवस, गर्दी नाही. नर्स तरुण होती, तिनं मिस्त्रीचा फाटलेला ओठ बघितला, हात बघितला, फॉर्म पुढे ओढला. चिमणी एका बाजूला उभी, सून दुसऱ्या.

“कसं लागलं, काका? पडलात का पायरीबियरीवरून?”

बिचारीनं सहज विचारलं. या वयाची माणसं पायरीवरूनच पडतात. मिस्त्रीला फक्त मान हलवायची होती. मुलगा वाचला असता. गॅरेज, गल्ली, नाव, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. त्याला वाटलं, बायकोनं इथंच, असंच उभं राहून, काय काय वाचवलं होतं!

“नाही,” तो म्हणाला. “मुलानं मारलं. तव्यानं.”

नर्सचं पेन थांबलं. “काका, असं लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागतं.”

“कळवा. लिहा तुम्ही. नाव, पत्ता, सगळं सांगतो.”

ती लिहायला लागली. तिचं लिहून झालं. मग सुनेनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला, चार दिवसांपूर्वीचा, याच दवाखान्याचा, आणि डाव्या हातानं नर्सपुढे सरकवला.

“यात पायरी लिहिलंय,” ती म्हणाली. “ते बदलायचंय.”

नर्सनं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि दुसरा फॉर्म घेतला. “अजून कुणाचं आहे का?” ती जरा वैतागूनच म्हणाली.

“एक होतं,” मिस्त्री म्हणाला. “एकतीस वर्षांपूर्वीचं. ते माझ्या नावावर लिहायचं होतं.”

नर्सला काही समजलं नाही. चिमणीला समजलं. ती बापाकडे न बघता पुढे आली, टेबलावरचं दुसरं पेन उचललं आणि बापाच्या चांगल्या हातात दिलं.

“सही करा,” ती म्हणाली.

डाव्या हातानं सही वेडीवाकडी आली. बायको पावावर सुरी फिरवायची, तशी.